दीपगृहाचा फोटो काढाल, पण त्याचा ठेका टिपाल का?



बऱ्हाणपुरात दीपगृह नाही. समुद्र इथून चारशेएक किलोमीटर लांब. पण राजघाटावरून पुढं जाणारं आपलं तापीचं पाणी शेवटी सुरतेपलीकडं समुद्रालाच मिळतं. मुलताईपासून समुद्रापर्यंत तापीची लांबी ७२४ किलोमीटर. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला जहाजातून उतरला आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात शहजादा परवेझच्या दरबारात हजर झाला. म्हणजे बंदर ते बऱ्हाणपूर ही वाट जुनीच आहे. आपण ती उलटी धरायची, दीपगृहांचे फोटो काढायला.

सहल म्हणून जा, मजा करा. पण आपण नाववाले लोक. आपल्या घरातलं कुणी उद्या समुद्रातल्या बोटीवर कामाला गेलं, तर या फोटोंचा त्याला उपयोग व्हायला हवा. म्हणून मनोऱ्याच्या फोटोबरोबर आणखी काय टिपायचं, ते इथं सांगतो.

आधी वाट

बऱ्हाणपूर, शहापूर, इच्छापूर करत मुक्ताईनगरला राष्ट्रीय महामार्ग ५३ लागतो. पुढं भुसावळ, जळगाव, धुळे, नवापूर, व्यारा, बारडोली, सुरत. गंमत म्हणजे हा महामार्ग सुरू होतो तोच हजिऱ्याला, तापीच्या मुखाजवळ. हजिऱ्याला दीपगृह आहे, पण आजूबाजूला मोठे कारखाने आणि बंदर आहे. तिथं विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

तिथून दक्षिणेला वळलं की मोटी दमणच्या किल्ल्यात दीपगृह आहे. पुढं मुंबई ओलांडून अलिबागकडं गेलं की थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी दिसते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, आणि १८६७ मध्ये तिथं दीपगृह उभं राहिलं. आज त्याला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. बेटावर वेताळाचं ठाणं आहे, कोळी बांधव त्याला फार मानतात. आणखी खाली रेवदंड्यापलीकडं कोर्लई. तिथलं दीपगृह १९५५ चं, किल्ल्याच्या डोंगराला लागूनच. गाडीनं जवळ जाता येतं, त्यामुळं लेकराबाळांना घेऊन जायला हे सगळ्यात सोयीचं.

दिवा लुकलुकतो का?

रात्री समुद्रातून किनाऱ्याकडं बघितलं तर शेकडो दिवे दिसतात. हॉटेलं, कारखाने, रस्ते, मोबाइलचे टॉवर. त्यात दीपगृह कुठलं? नुसता जळता दिवा असता तर कळलंच नसतं. म्हणून प्रत्येक दीपगृहाला स्वतःचा ठेका दिलेला असतो. कुणी दर १० सेकंदांना एकदा चमकतं, कुणी लागोपाठ दोनदा चमकून मग थांबतं, कुणी तीनदा. जवळजवळच्या दोन दीपगृहांचा ठेका मुद्दाम वेगळा ठेवतात. काही ठिकाणी धोक्याच्या बाजूला लाल आणि सुरक्षित बाजूला पांढरा उजेड टाकतात.

दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा मनोऱ्याचा आकार आणि रंग कामाला येतो. काळेपांढरे किंवा लालपांढरे पट्टे शोभेसाठी नसतात. लांबून मनोरा ओळखू यावा म्हणून ते मारलेले असतात.

म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी टिपा

१. दिवसाचा फोटो. पूर्ण मनोरा, पट्ट्यांसकट, आणि मागचा डोंगर किंवा किल्लासुद्धा. जमलं तर होडीतून, पाण्याकडून काढा. नाखवाला तीच बाजू दिसते.

२. रात्रीचा व्हिडिओ. मोबाइल भिंतीवर टेकवून दोन मिनिटं चालू ठेवा. एका फेरीतल्या पहिल्या चमकेपासून पुढच्या फेरीतल्या पहिल्या चमकेपर्यंतचे सेकंद मोजा. एकदाच मोजलं तर चुकतं. पाच फेऱ्यांचा वेळ घेऊन त्याला पाचनं भागा.

३. चिठ्ठी. गावाचं नाव, तारीख, चमका किती, सेकंद किती, रंग कुठला. घरी आल्यावर हे नौकानयनाच्या नकाशाशी ताडून बघा. देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय हे नकाशे काढतं आणि प्रत्येक दिव्याचा ठेका त्यावर छापलेला असतो. तुमच्या मोजणीत आणि नकाशात फरक पडला, तर नकाशाच धरा.

दिवा किती लांबून दिसतो?

पृथ्वी गोल, म्हणून दिवा जितका उंच तितका लांबून दिसतो. हिशोब सोपा आहे, शाळेतली पोरंही करतील. पाण्यापासून दिव्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा. तुमच्या डोळ्यांच्या उंचीचं वर्गमूळ त्यात मिळवा. बेरजेला २.०८ नं गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं.

समजा दिवा ३६ मीटर उंच, वर्गमूळ ६. तुम्ही बोटीच्या केबिनवर, डोळे पाण्यापासून ४ मीटर, वर्गमूळ २. बेरीज ८, गुणिले २.०८, म्हणजे साधारण १६.६ सागरी मैल, जवळपास ३१ किलोमीटर. तोच माणूस छोट्या होडीत बसला आणि डोळे १ मीटरवर आले, तर दिवा १४.६ मैलांवरच दिसायला लागतो. अर्थात हवा स्वच्छ हवी आणि दिव्यातही तेवढा जोर हवा. धुक्यात हा हिशोब चालत नाही.

याचा फायदा असा. दिवा पाण्याच्या कडेवर नुकताच डोकं वर काढतो, त्या क्षणी आपण त्याच्यापासून किती लांब आहोत ते अंदाजानं कळतं.

एका दिव्यानं रेषा, दोन दिव्यांनी जागा

हे आपल्याला नदीवरून समजेल. पाण्याखालचा खडक टाळायचा तर जुना नावाडी काठावरच्या दोन खुणा धरतो, मंदिराचा कळस आणि झाड एका रेषेत आले की वळायचं. समुद्रातही तेच. एक दीपगृह कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रावर बघितलं की नकाशावर एक रेषा मिळते, आपण त्या रेषेवर कुठंतरी असतो. दुसऱ्या दीपगृहाची रेषा पहिलीला जिथं कापते, ती आपली जागा.

आज बोटीवर जीपीएस आहे, ते वापराच. पण बॅटरी उतरली, वायरीत पाणी शिरलं, मोबाइल पाण्यात पडला, तर घरची वाट दाखवायला हाच दिवा उरतो. मात्र त्याचा ठेका आधीपासून माहीत असला पाहिजे. वादळात पुस्तक उघडून शिकता येत नाही.

जाण्याआधी

पावसाळ्यात जाऊ नका, दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते. वर चढायची परवानगी आणि वेळ आधी विचारून घ्या. नौदलाच्या हद्दीत फोटो नाही, परवानगीशिवाय ड्रोन नाही. खडकावर उतरायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ गावातल्या कोळी बांधवांना विचारा.

परत आलात की चिठ्ठ्या आणि व्हिडिओ संस्थेत आणून द्या. आपल्या पोरांना दाखवू आणि त्यांच्याकडून ठेका मोजून घेऊ.