जुन्या कार्डाला नवा पाठ

एक कोडे घालतो. संगणकाला हार्ड डिस्कवरील माहिती वाचायची असेल, तर ती कशी वाचावी हे सांगणारी आज्ञावली त्याला आधी हवी. पण आज्ञावल्या ठेवलेल्या असतात डिस्कवरच. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात आणि कपाट बंद! मग संगणक सुरू होतो तरी कसा?

उत्तर सोपे आहे. किल्ली बाहेर खुंटीवर टांगलेली असते. संगणकाच्या मुख्य फलकावर एका चिपमध्ये कायम टिकणारी छोटी आज्ञावली असते आणि वीज येताच पहिली तीच जागी होते. मात्र १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. १९८३ च्या ‘एक्सटी’ नमुन्यात ती आली, अवघ्या १० मेगाबाइटची. मुख्य फलकाला तिची ओळख नव्हती. म्हणून डिस्कवर हुकमत चालवणाऱ्या नियंत्रक कार्डावरच एक चिप बसवली आणि डिस्कशी कसे बोलावे हा पाठ तिच्यात लिहून ठेवला.

आता गंमत पाहा. मुख्य फलकाला या पाठाचा पत्ता कसा लागतो? तो स्मृतीच्या एका ठराविक पट्ट्यात दर २ किलोबाइटवर थांबून पाहतो, की येथे लागोपाठ ८५ आणि १७० हे अंक आहेत का? हेच दोन अंक का, हे द्विमान पद्धतीत लिहिले की कळेल: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. एक दुसऱ्याचा बरोबर उलटा. रिकाम्या खाचेतून असा जोड चुकून उमटणे फार कठीण. तिसरा अंक सांगतो, की पाठ ५१२ बाइटांच्या किती तुकड्यांचा आहे. ८ किलोबाइटांचा असेल तर १६. मग संगणक सर्व बाइटांची बेरीज करतो. तिला २५६ ने निःशेष भाग गेला, तरच पाठ शुद्ध मानायचा. हा भाग जावा म्हणून पाठ लिहिणारा एक बाइट मुद्दाम जुळवून ठेवतो. बाकी ४० उरत असेल, तर तेथे २१६ लिहायचे. परीक्षा उतरली, की मुख्य फलक काही क्षण सारा कारभार कार्डाच्या हाती सोपवतो.

हा नियंत्रक पूर्वी लांबलचक कार्डभर पसरलेला असे. पुढे तो थोडक्या चिपांत मावू लागला. या कथेत एक नाव आपल्या ओळखीच्या वळणाचे आहे: सुहास पाटील. जमशेदपूरला जन्म, शिक्षण खरगपूरच्या आयआयटीत आणि नंतर अमेरिकेतील एमआयटीत. त्यांनी १९८१ साली सॉल्ट लेक सिटी येथे ‘पाटील सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. तिचीच पुढे ‘सिरस लॉजिक’ झाली आणि हार्ड डिस्कच्या नियंत्रक चिपांनी ती नावारूपाला आली. कालांतराने नियंत्रक डिस्कच्याच अंगावर जाऊन बसला. कार्डाकडे उरला तो केवळ दुवा, आणि चिपमधला पाठ.

पाठ बदलायचा कशासाठी?

जुन्या डिस्क आता झिजल्या आहेत आणि तशा नव्या कोणी बनवत नाही. त्यांच्या जागी छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यातले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावता येते. काडेपेटीएवढे, पण पुष्कळ पातळ. ते आपण हार्ड डिस्क असल्याचे सोंग उत्तम वठवते. अडचण येते ती मोजणीची. जुना मुख्य फलक आणि डिस्क यांच्या मोजणीच्या मर्यादा एकत्र आल्या, की १०२४ वर्तुळमार्ग, १६ डोकी आणि ६३ खंड यांच्या पुढे जाता येत नाही. एका खंडात ५१२ बाइट. गुणाकार करून पाहा: ५२,८४,८२,३०४ बाइट. याहून मोठी डिस्क लावली, तरी वरचा भाग त्या संगणकाच्या लेखी नाहीच. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून यावर ‘एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायॉस’ नावाचा नवा पाठ तयार केला आहे आणि तो फुकट मिळतो. कार्डावरच्या चिपमध्ये हा पाठ भरला, की तीस-पस्तीस वर्षांचा संगणक मोठी डिस्क बिनतक्रार ओळखतो.

तुम्ही म्हणाल, हा खटाटोप कशाला? जुना संगणक भंगारात घालावा आणि नवा आणावा! पुष्कळदा तेच योग्य असते. पण मराठीच्या बाबतीत एक पेच आहे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम सुरू झाले, ते १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. जिस्ट कार्ड खाचेत बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावल्यांतही देवनागरी अक्षरे उमटू लागत. त्या काळच्या संगणकांवर मराठी आणण्याचा हा मोठा मार्ग होता. इस्की या संकेतप्रणालीत साठवलेला मजकूर आज युनिकोडमध्ये आणता येतो, कारण युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली आहे. परंतु मूळ आज्ञावली चालताना पाहायची, तर जिस्ट कार्ड हवे, आणि ते ज्या आयएसए खाचेत बसते ती खाच आजच्या घरगुती संगणकात नसते.

आमच्या भौतिकशास्त्र विभागात असा एक ३८६ संगणक आहे. त्यात प्रात्यक्षिकांच्या मराठी पत्रिका आहेत. खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी त्या कोणे एके काळी तयार झाल्या. त्याची डिस्क खरखरू लागली, तेव्हा विद्यार्थ्यांनी आधी सारा मजकूर फ्लॉपींवर उतरवला आणि मगच नव्या कार्डाला हात घातला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

नव्या कार्डावरचा पाठ ८०८८ प्रक्रियकासाठीचा होता. आम्हाला हवा होता ३८६ चा. संगणक फ्लॉपीवरून सुरू केला, जुन्या पाठाची प्रत काढली, नव्यात कार्डाचा पत्ता भरला आणि बेरीज जुळवली. आता लिहायचे. चिपला कुलूप असते, ते थापांनी उघडते: ठरलेल्या पत्त्यांवर क्रमाने १७०, ८५ आणि १६० लिहायचे. आपले जुने ओळखीचे अंकच, फक्त उलट्या क्रमाने! मग ८१९२ बाइट ६४-६४ च्या १२८ पानांत लिहिले जातात. पानाला फार तर १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सारा पाठ सव्वा सेकंदात. पण नेमकी त्याच सव्वा सेकंदात वीज गेली तर अर्धा पाठ जुना आणि अर्धा नवा! बेरीज चुकते आणि कार्ड मुके होते. आपल्याकडे विजेचा नेम नाही, तेव्हा बॅटरीचा आधार घ्यावा. तरीही बिघडलेच, तर चिप बैठकीतून काढून प्रोग्रामर नावाच्या उपकरणात पुन्हा लिहिता येते. इलेक्ट्रॉनिकी शिकवणाऱ्या बहुतेक संस्थांत ते असते.

लिहिणे म्हणजे काय?

माझ्या विषयाचा भाग येथे सुरू होतो. ८ किलोबाइटांच्या चिपमध्ये ६५,५३६ घरे असतात. प्रत्येक घरात सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा सर्व बाजूंनी काचेसारख्या सिलिकॉन डायऑक्साइडने वेढलेला असतो. त्याला कोठूनही तार जोडलेली नाही. त्यावर इलेक्ट्रॉन साठले, की खालच्या ट्रान्झिस्टरचे वागणे बदलते. साठलेले आणि रिकामे हेच १ आणि ०. ही रचना डॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ साली बेल प्रयोगशाळेत सुचवली.

तार नाही, तर इलेक्ट्रॉन आत जातात कसे? निरोधकाचा थर एका जागी केवळ १० नॅनोमीटर जाड ठेवतात. त्यावर १० व्होल्ट दिले, तर क्षेत्राची तीव्रता होते दर सेंटिमीटरला १ कोटी व्होल्ट. हवेत ३० हजारांना ठिणगी पडते! एवढ्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन भिंतीवरून उडी मारत नाहीत, भिंतीतूनच पलीकडे जातात. या बोगदा परिणामाचे गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये मांडले होते. उलट दाब दिला, की इलेक्ट्रॉन बाहेर येतात. तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली घरांचे मोठे गट एका फटक्यात पुसणारी स्मृती जाहीर केली. तो फटका कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखा, म्हणून तिचे नाव ‘फ्लॅश’. कार्डाचा पाठ बदलण्याला ‘फ्लॅश करणे’ म्हणतात ते यावरूनच.

त्याआधीच्या चिप प्रकाशाने पुसत. त्यांच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असते. सिलिकॉनमधून ऑक्साइडमध्ये चढायला इलेक्ट्रॉनला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशातील जांभळ्या टोकाचा कणही ३.१ पर्यंतच पोहोचतो. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याचा कण मात्र ४.९ देतो. अशा दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटांत चिप कोरी होते. उन्हातही अतिनील किरण असतात. निर्मात्यांच्या पत्रकांत लिहिलेले असे, की थेट उन्हात ठेवलेली चिप साधारण आठवड्यात पुसली जाईल. वैशाखात आपल्या गच्चीवर चिप ठेवून हे पडताळायला हरकत नाही; अर्थात निरुपयोगी चिप घेऊन!

या चिपांतील इलेक्ट्रॉन अंधारातही हळूहळू गळतात. निर्माते साधारण दहा वर्षांची हमी देत. कितीतरी चिप तिच्या दुप्पट-तिप्पट काळ टिकल्या, पण १९८० च्या दशकातल्या कार्डांवरील पाठ कधी पुसट होऊ लागेल ते सांगता येत नाही. तुमच्या शाळेच्या अडगळीत असा संगणक सापडला, तर वीज देण्याची घाई करू नका. कार्डावर पाठीला चिकटपट्टी लावलेली चिप दिसते का पाहा. शिक्षकांच्या मदतीने ती बैठकीतून हळूच काढा, प्रोग्रामरवर वाचा आणि पहिले दोन अंक तपासा. ८५ आणि १७० आले, तर सर्व बाइटांची बेरीज करा. भाग गेला, तर पाठ अजून शाबूत आहे. त्याची प्रत दोन ठिकाणी ठेवा. आणि ती चिकटपट्टी काढू नका, खिडकी तिच्याखालीच आहे.