पायी लढणाऱ्यांची घरगुती नावे

बुद्धिबळाच्या पटावर पुढच्या रांगेत आठ प्यादी असतात. आपली पोरं ती आधी मारायला देतात. वर म्हणतात, "प्यादंच तं होतं, जाऊ दे!" मला हे खटकते. तेच प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याचा वजीर होतो, हे विसरता का?

प्यादा म्हणजे पायी चालणारा. शब्द फारसी. आपला 'पाईक'ही तोच, पायी लढणारा चाकर. तुकाराम महाराजांनी पाइकीचे अभंग रचले. देवाचा पाईक होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कचेरीतला 'प्यून' आला पोर्तुगीज भाषेतून, त्याचाही मूळ अर्थ पायी चालणारा! आणि शाळेची घंटा देणारा शिपाई व सीमेवर बंदूक घेऊन उभा असलेला शिपाई, दोघांचे नाव एकच.

शिवाजी महाराजांचा मावळा हा काही हुद्दा नव्हे. मावळ खोऱ्यातला, म्हणून मावळा. पायदळातले हुद्दे होते नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी. पैकी नाईक आणि हवालदार आजही आपल्या लष्करात आहेत.

मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ सालची. केंद्र बेळगावला. तिथल्या जवानाचे लाडाचे नाव 'गणपत'. घरी नाव काहीही असो, पलटणीत सारे गणपत! इंग्रजांचा असाच 'टॉमी', फ्रेंचांचा 'प्वालू' म्हणजे केसाळ.

अशाच एका गणपतचे नाव नामदेव जाधव. हुद्दा सर्वांत खालचा, शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर लढाई झाली. नामदेवने एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांतून उचलून आणले. मग परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. हाताला गोळी लागली तरी हातबॉम्ब फेकून शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या. शेवटी काठावर उभा राहून शिवाजी महाराजांचा जयघोष करीत बाकीच्यांना पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अड्याळला कोणी जवान काका सुट्टीवर आले तर विचारा, "काका, तुमच्या पलटणीत एकमेकांना काय म्हणता जी?" उत्तर कागदावर लिहून मला द्या. पुढच्या अंकात लावू.