खिडकीचा पडदा : निवड व मांडणी

खेड्यापाड्यांतून नवी घरे बांधताना आता खिडक्या पूर्वीपेक्षा मोठ्या ठेवल्या जातात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि रस्त्याकडील खिडकीतून आतले दिसते म्हणून ती दिवसभर लावून ठेवणे, अगर तिला गोणपाट ठोकून टाकणे, हा प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो. मग खिडकी असून नसल्यासारखीच. चुलीचा धूर आत कोंडतो आणि त्याचा त्रास दिवसाचा बहुतेक वेळ घरात असणाऱ्या स्त्रियांना व लहान मुलांना होतो. अशा खिडकीस फक्त खालच्या अर्ध्या भागापुरता पडदा लावावा. आडोसा होतो, आणि वरच्या अर्ध्या भागातून उजेड व वारा येत राहतो.

पडदा निवडताना प्रथम दिशा पाहावी. महाराष्ट्रात मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो; त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर लहानसा छज्जा असला तरी ऊन आत येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला म्हणजे तेच ऊन खोलीत येते व ते हवेसेही वाटते. या खिडकीस हलका सुती पडदा पुरे. खरी अडचण पश्चिमेची आहे. तिसऱ्या प्रहरानंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते. पडदा आतून लावल्यास तो तापतो व ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून पश्चिमेस बाहेरच्या अंगाने बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा सोडावा व सूर्यास्तानंतर गुंडाळून ठेवावा. विदर्भ व खानदेशातील कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याची ताटी पाणी शिंपडून लावल्यास चांगला गारवा मिळतो. कोकणातील दमट हवेत तिचा फारसा उपयोग नाही. तेथे वाऱ्याची वाट मोकळी ठेवणे हेच अधिक हिताचे.

यानंतर प्रमाणाचा विचार. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीएवढीच ठेवली तर पडदा सारल्यावरही खिडकीचा काही भाग झाकलेलाच राहतो. दांडी दोन्ही बाजूंस 15 सेंटीमीटर अधिक घ्यावी. म्हणजे सारलेला पडदा भिंतीवर जातो, खिडकी पूर्ण उघडते आणि ती रुंदही भासते. समजा, खिडकी 90 सेंटीमीटर रुंद व 120 सेंटीमीटर उंच आहे. दांडी 120 सेंटीमीटरची झाली. चुण्या नीट पडण्यास कापडाची रुंदी दांडीच्या सुमारे दीडपट हवी; म्हणजे 90 सेंटीमीटर पन्ह्याचे दोन तुकडे. उंचीत वर व खाली 10-10 सेंटीमीटर आणि दुमडीस 15 सेंटीमीटर धरता प्रत्येक तुकडा 155 सेंटीमीटरचा होतो. दोन्ही मिळून 310 सेंटीमीटर कापड लागते; परंतु सुती कापड आटते, म्हणून साडेतीन मीटर घ्यावे व बेतण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवावे. ही काळजी न घेतल्यास पहिल्या धुण्यातच पडदा आखूड होतो.

नवे कापड घेतलेच पाहिजे असे नाही. घरातील धडसे सुती जुनेर उत्तम चालते. त्याचे काठ उभे येतील असे बेतावे. उभ्या रेघांमुळे बुटकी खिडकी उंच दिसते. सोलापुरी चादर मात्र पांघरण्यासाठीच ठेवावी. तिच्या वजनाने दांडी वाकते आणि वारा अडतो.

रंगाविषयी एवढे ध्यानात ठेवावे की, उत्तरेच्या मंद उजेडाच्या खोलीत फिकट पिवळा रंग शोभतो आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या खोलीत फिकट हिरवा वा निळा डोळ्यांस थंडावा देतो. गडद रंग उन्हाने लवकर विटतात. लहान खोलीत मोठ्या फुलांची छपाई भिंती जवळ आणल्यासारखी वाटते. खोलीत देव्हारा किंवा तसबिरींची रांग असेल तर पडदा साधाच असावा. नजर एकाच ठिकाणी ठरू द्यावी. एका भिंतीत दोन खिडक्या असल्यास त्यांची उंची कमीजास्त असली तरी दांड्या एका ओळीत बसवाव्यात, म्हणजे भिंतीचा तोल साधतो.

धान्याच्या खोलीत कापडी पडदा नको. तेथे उंदीर व पाखरे येणार नाहीत अशी तारेची जाळी असावी. चुलीजवळील खिडकीसही पडदा लावू नये. नायलॉनसारखे कापड आगीने वितळून अंगास चिकटते व भाजल्याची जखम खोल होते. तेथेही जाळीच बसवावी आणि ती काजळीने बुजू नये म्हणून दर पंधरवड्यास धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासून काढावी.