बॅटरीआधी भार मोजा
घरची वीज : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण घरोघरच्या इन्व्हर्टरचा विचार केला. रोज तास-दोन तास वीज जाणाऱ्या घराला तो पुरतो. तेवढ्यासाठी पोर्टेबल पॉवर स्टेशनवर, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच पेटीत असलेल्या, सौर पॅनेलवरही भरता येणाऱ्या संचावर, जास्तीचे पैसे घालू नयेत. वीज दिवसच्या दिवस येत नाही, तेव्हा मात्र हिशेब बदलतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या भागांतल्या कित्येक गावांना वीज परत मिळायला काही आठवडे लागले. अशा संकटात घरातली मोठी बॅटरीही काही रात्रींत रिकामी होते. ती पुन्हा भरण्याची सोय घरातच हवी, आणि ती सोय म्हणजे सौर पॅनेल. छतावर सौर संच आहे म्हणून निश्चिंत असलेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी : ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीज जाताच स्वतःहून बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तो तसाच बनवलेला असतो.

मग पॉवर स्टेशन केवढे घ्यावे? माझे म्हणणे असे की, या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही, घरातल्या पंख्यांवर मिळते. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. दोन जुने पंखे आठ तास चालले की १२०० वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिटच्या जवळ वीज गेली. दोन बीएलडीसी पंख्यांना तेवढ्याच वेळात ४८० पुरतात. त्यात तीन एलईडी दिवे, राउटर आणि चार मोबाइल धरले, तर रात्रीची गरज साधारण पाऊण युनिट होते. एक युनिटचे, म्हणजे १००० वॅट-तासांचे स्टेशन प्रत्यक्षात ८५०च्या आसपास वीज हातात देते, कारण डीसीचे एसी करताना काही वाया जाते. म्हणजे तेच स्टेशन एका घरात सकाळपर्यंत चालते आणि दुसऱ्या घरात मध्यरात्रीनंतर बंद पडते. पंखे बदलायला येणारा खर्च दुप्पट क्षमतेच्या बॅटरीपेक्षा पुष्कळच कमी असतो, शिवाय त्याचा फायदा दर महिन्याच्या बिलातही दिसतो.

यावर पहिला आक्षेप पावसाळ्याचा, आणि तो खरा आहे. २०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे ७०० वॅट-तास देते. जुलैच्या झडीत ते पाव हिश्श्यावरही येऊ शकते. म्हणूनच गरजेपेक्षा दीडपट-दुप्पट पॅनेल घ्यावे आणि भार आधीच कमी करून ठेवावा. पाऊण युनिटची रात्र गरजेपुरते दिवे, फोन आणि एकच पंखा ठेवून पाव-अर्ध्या युनिटवर आणता येते. दीड युनिटची सवय असलेल्या घराला ते फार जड जाते. दुसरा आक्षेप, फ्रिज आणि विहिरीवरच्या पंपाचे काय? फ्रिजला दिवसाला एक युनिटच्या आसपास लागते, त्यामुळे तो थोडा थोडा वेळ चालवावा. औषधे ठेवलेली असतील तर त्याला पहिला मान द्यावा. एक अश्वशक्तीचा पंप मात्र सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. लहान स्टेशन तो झटका सोसत नाही. वादळाचा इशारा मिळताच टाकी भरून घेणे हाच त्यावर स्वस्त उपाय.

बॅटरी घेताना लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचीच मागावी. ती हजारो वेळा भरता येते आणि इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा आगीचा धोका कमी असतो. आणि स्टेशनची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून सगळ्या घराला वीज देण्याचा खटाटोप कधीही करू नये. ती वीज उलटी बाहेरच्या तारेत जाऊन खांबावरच्या माणसाचा जीव घेऊ शकते.

पुढच्या लेखात पॅनेलची निवड आणि जोडणी पाहू. तोपर्यंत वीज गेल्यावर जे चालू राहायलाच हवे, त्या प्रत्येक उपकरणावरचे वॅट आणि तास एका कागदावर उतरवून ठेवा.