ट्रकचे टायर बदलताय? किंमत विचारण्याआधी ‘१४६/१४३’ हा आकडा वाचा

नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. सिग्नल नाही, चौक नाही. चालकाची सोय झाली, टायरची परीक्षा वाढली. भरलेला ट्रक तासन् तास सलग धावतो, टायरला निवायला वेळच मिळत नाही. अशा वेळी टायर भाराला अपुरा असेल किंवा हवा कमी असेल, तर आतली उष्णता साठत जाते आणि टायर फुटतो. ही चूक बहुतेकदा रस्त्यावर नाही, दुकानातच झालेली असते.

नायलॉन की रेडियल?

नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदणारे असतात. रेडियलमध्ये पोलादी तारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. त्यामुळे रेडियल रस्त्यावर सपाट बसतो, कमी तापतो आणि डिझेलही वाचवतो. लांब पल्ल्यासाठी तोच योग्य. खाण, क्रशर, कच्चा रस्ता अशा कामांत मात्र नायलॉनची जाड बाजू दगडांचे घाव चांगले सोसते. एकाच ॲक्सलवर दोन्ही प्रकार बसवू नयेत. पुढच्या चाकांना सरळ रेषांचा रिब टायर, तर जिथे जास्त पकड हवी त्या मागच्या चाकांना खोल ठोकळ्यांचा लग टायर, ही साधारण पद्धत.

‘१४६/१४३’ म्हणजे काय?

हा भारांक. १०.०० आर २० मापाच्या १६ प्लाय टायरवर तो अनेकदा दिसतो. १४६ म्हणजे एकेरी टायरची क्षमता ३,००० किलो; १४३ म्हणजे जोडीत बसवलेल्या टायरची २,७२५ किलो.

आता हिशेब करा. मागच्या ॲक्सलवर चार टायर, म्हणजे १०,९०० किलो. केंद्र सरकारने जुलै २०१८मध्ये अशा ॲक्सलची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. जुन्या मर्यादेला पुरणारा हा टायर नव्या मर्यादेला ६०० किलोंनी कमी पडतो. तिथे १४९/१४६ घेतला, तर चार टायर १२,००० किलो पेलतात. माप तेच, भार वेगळा. म्हणून फक्त ‘दहा-वीसचा टायर द्या’ म्हणणे पुरेसे नाही.

हवा किती?

टायरच्या बाजूवर छापलेला दाब हा कमाल भारासाठीचा, थंड टायरचा असतो. प्रत्यक्ष भारानुसार किती हवा लागेल, हे कंपनीच्या तक्त्यात पाहावे.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे ढाब्यावर थांबून तापलेल्या टायरची हवा काढणे. सकाळी ३० अंशांना १२० पीएसआय भरले आणि आतली हवा ६० अंशांवर गेली, तर दाब सुमारे १३३ होतो. हे अपेक्षितच असते. ‘जादा’ १३ पीएसआय काढले, तर दुसऱ्या सकाळी टायरमध्ये १०८च्या आसपासच उरतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि पुन्हा अधिक तापतो. दाब २० टक्क्यांनी कमी असताना धावलेला टायर तर उतरवून आतून तपासावा, नुसती हवा भरून पुढे जाऊ नये.

जोडीतला आतला टायर

तो दिसत नाही, म्हणून दुर्लक्षित राहतो. सळई मारून आवाजावरून १२० आणि ९५ यांतला फरक कळत नाही. त्याला गेजच हवा. जोडीतला एक टायर नवा आणि दुसरा झिजलेला असेल, तर मोठ्या व्यासाच्या टायरवर जास्त भार येतो. एका टायरची हवा उतरली, की त्याचा भार शेजारच्यावर पडतो. जोडी सारख्याच झिजेची ठेवावी.

दुकानात हे तपासा

• आरसी बुकातील ॲक्सलभार आणि टायरचा भारांक
• बनवल्याची तारीख : शेवटचे चार अंक, उदा. २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा
• ट्यूबचा टायर असल्यास नवी ट्यूब आणि फ्लॅप
• रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना नकोच