फियाट मिस्त्रीचा दिनक्रम

सकाळी सात

शटर वर केलं की आधी रात्रभर आत उभ्या असलेल्या फियाटकडे जातो. इंजिन थंड असतानाच ते खरं बोलतं. चोक ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, चावी फिरवायची आणि पहिलं मिनिट गप्प उभं राहायचं. टॅपेटची टकटक किती आहे, मागे निळसर धूर निघतो का, चोक आत ढकलत नेताना इंजिन कुठे अडखळतं, हे सगळं तेव्हाच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापलं की यातल्या बऱ्याच खोडी झाकल्या जातात, म्हणून दुरुस्तीची गाडी मी आदल्या रात्रीच ठेवून घेतो.

माझं गॅरेज कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात आहे. काम जुन्या गाड्यांचं, त्यातही जास्त करून प्रीमियर पद्मिनीचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट तयार होऊ लागली. तीच पुढे 1974 मध्ये पद्मिनी झाली आणि 2000 च्या सुमारापर्यंत निघत राहिली. इतकी वर्षं मूळ रचना तीच राहिली, त्यामुळे बरेच पार्ट एकीचे दुसरीला चालतात. आमच्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात.

साडेनऊ

निवृत्त गुरुजी गाडी घेऊन आले.

"मिस्त्री, चढाला आचके देतीया बघा. कार्बोरेटर बदलूया काय?"

"आधी डिस्ट्रिब्युटर उघडूया, गुरुजी. कार्बोरेटरवर आळ नंतर."

बॉनेट वर केलं की 1089 सीसीचं इंजिन सगळं समोर दिसतं. दोन्ही बाजूंनी हात खाली जातो, पान्हा फिरतो. डिस्ट्रिब्युटरच्या चार वायरींवर नंबर टाकून टोपण काढलं. सी.बी. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर बारीक उंचवटा होता. एका बाजूचा धातू उडून दुसरीकडे बसला, की कंडेन्सरवर संशय घ्यायचा. टॉर्च गुरुजींच्याच हातात होता, त्यांनाही खड्डा दाखवला. पॉइंट बारीक कानशीने सपाट केले, फिलर गेजने फट लावली, ती अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी असते. कंडेन्सर नवा टाकला. चढावर इंजिनवर भार येतो, तेव्हा दुबळी ठिणगी उघडी पडते, म्हणून आचके तिथेच बसत होते. कार्बोरेटर बिचारा निर्दोष.

जुन्या गाडीची ओढ मला इथेच वाटते. जे बिघडलं ते डोळ्यांना दिसतं आणि बोटाला लागतं. मालकाला कारण दाखवता येतं आणि त्याला ते पटतं. गुरुजी आता स्वतः पॉइंट साफ करतील, पुढच्या वेळी निम्मं निदान करूनच येतील. मला असं गिऱ्हाईक फार आवडतं.

अकरा

दुसऱ्या गाडीचा दुसरा गिअर नीट पडत नव्हता. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. हाताची हालचाल तिथून रॉड, सांधे आणि बुश यांतून गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. प्रत्येक सांधा केसभर झिजला तरी सगळ्यांची बेरीज मोठी होते, आणि लोक उगाच गिअरबॉक्स उतरवायला निघतात. जुने बुश खिशात टाकून शेजारच्या लेथवर गेलो. टर्नरने व्हर्नियर लावला, गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरला आणि तासाभरात नवे बुश हातात दिले. उद्यमनगरात ओतकाम आणि लेथ हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून कंपनी गेली तरी आमच्या गाड्या चालतात. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या तोवर पार्टच्या बाजारात जोर होता. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. आता जुना पार्ट टाकून द्यायच्या आधी चारदा विचार करतो.

एक

भाकरी, झुणका, कांदा. पंधरा मिनिटं पाठ टेकतो.

साडेतीन

गुरुजींची गाडी घेऊन जोतिबाच्या घाटाकडे निघालो, गुरुजी शेजारी. शिवाजी पूल ओलांडला, दाराची त्रिकोणी काच तिरकी केली, की वारा थेट छातीवर येतो. पन्नास-साठच्या वेगाला ही गाडी अगदी सुखात असते. घाटात दुसऱ्यावर टाकली. आचका नाही. इंजिनचा आवाज भरदार, एकसारखा. गुरुजींनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता आणि ते काही बोलत नव्हते.

वर पोहोचता पोहोचता मात्र इंजिन गुदमरलं. उन्हाळ्यात पेट्रोल इंजिनवरच्या पंपातच वाफाळतं आणि पुढे सरकत नाही. पंपावर ओलं फडकं टाकलं, थोडं थांबलो, गाडी सुरू झाली.

उतरताना गुरुजींना बजावलं, "ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरायचं. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, सारखे दाबले तर तापून धरेनासे होतात." ना एअरबॅग, ना एबीएस. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं आणि हायवेवर नव्या गाड्यांशी शर्यत लावायची नाही. या गाडीवर जीव असलेल्या माणसाने हे पाळलंच पाहिजे, यात मी सूट देत नाही.

सहा

पेट्रोलचे पाईप बदलले. पंपावरच्या पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं आणि इंजिनजवळ गळती म्हणजे आगीला आमंत्रण. फियाट आली की मी हे पाईप न विचारता तपासतो. एका गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, पर्यावरण कर वेगळा. कागद लावून दिले.

साडेसात

कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक पोरगा आला. गडहिंग्लजला फियाट बघितलीय, इंजिन एकदम गुळगुळीत चालतंय म्हणाला.

"इंजिनचं सोड रे बाळा, ते मी करून देतो. मॅट उचलून खालचा पत्रा बघितलास का?"

"नाही, मामा."

फियाटला वेगळी चासी नसते, पत्र्याचं अंगच सांगाडा असतं. तळ आणि दाराखालच्या पट्ट्या गंजल्या, तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, गाडी आतून गेलेली. पुटीने भरलेल्या जागी चुंबक चिकटत नाही. ड्रॉवरमधलं चुंबक त्याच्या हातावर ठेवलं आणि सांगितलं, रविवारी सकाळी लवकर जाऊया, मालकाला फोन करून ठेव, आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका म्हणावं.