जमिनीजवळचा धोका

उंच उडणे धोक्याचे आणि जमिनीलगत उडणे सुरक्षित, असे आपल्याला सहज वाटते. शेतावर औषध फवारणाऱ्या हेलिकॉप्टरच्या बाबतीत मात्र गोष्ट उलट आहे.

१९४६ साली अमेरिकेत ‘बेल ४७’ या हेलिकॉप्टरला नागरी वापरासाठी मान्यता मिळाली आणि लवकरच तेथे हेलिकॉप्टरने फवारणी सुरू झाली. फवारा वाऱ्याने भलतीकडे जाऊ नये म्हणून पिकाच्या तीन-चार मीटर वरूनच उडावे लागते. वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर तो सेकंदाला सुमारे २८ मीटर होतो. समजा, विजेची तार ५० मीटरवर असताना दिसली, तर वैमानिकाच्या हाती दोन सेकंदही नसतात. पिकाच्या पार्श्वभूमीवर करडी तार सहज दिसत नाही. म्हणून जाणते वैमानिक तारेऐवजी खांब शोधतात. घर किंवा पंप दिसला, की तिथे तार असणारच असे धरून चालतात.

दुसरा धोका इंजिन बंद पडण्याचा. अशा वेळी हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळतेच असे नाही. वैमानिक पात्यांचा कोन ताबडतोब कमी करतो. खाली येताना पात्यांमधून वर जाणारी हवा ती फिरती ठेवते. जमिनीजवळ कोन पुन्हा वाढवून, पात्यांत साठलेली ऊर्जा वापरून हळू उतरता येते. पण ही ऊर्जा उंचीतून किंवा वेगातून मिळवावी लागते. २८ चा वर्ग २ × ९.८ ने भागला, की ४० येतात; म्हणजे हा वेग ४० मीटर उंचीच्या तोलाचा आहे. सरळ फवारताना निदान वेगाची ही शिल्लक असते. शेताच्या टोकाला वर चढून वळताना वेग घटतो आणि उंचीही पुरेशी नसते. त्यात टाकी भरलेली असेल आणि उन्हाने हवा विरळ झाली असेल, तर अडचण आणखी वाढते.

वर्गात कागदाची भिंगरी गुडघ्याइतक्या उंचीवरून आणि मग हात उंच करून सोडून पाहावी. पहिली नीट फिरू लागण्याआधीच जमिनीवर आदळते. हेलिकॉप्टरची पाती आधीच फिरत असतात, हा फरक मुलांना सांगावा. पण सावरायला उंची लागते, हे दोन्हीकडे खरे.

आता हेच काम ड्रोनही करू लागले आहेत. तार त्यांनाही अडते. मात्र त्यांचा चालक जमिनीवर उभा असतो.